पीटीच्या तासाला गणिताचे सर: शारीरिक शिक्षणाचा शिक्षक घडतो कसा?

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात मुख्याध्यापक तासिका वाटायला बसतात. गणित, विज्ञान, इंग्रजी ज्याचं त्याच्याकडे जातं. हिंदी-संस्कृतवरून थोडी ओढाताण होते. सगळ्यात शेवटी उरतो ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’. ज्याच्या तासिका भरत नाहीत त्याच्या नावावर तो पडतो, नाहीतर स्टाफमध्ये जो वयानं लहान आणि अंगानं सडपातळ असेल त्याच्या. संगमेश्वर, लांजा, वैभववाडी, पोलादपूर अशा कोकणातल्या तालुक्यांतल्या लहान माध्यमिक शाळांना यात नवल वाटणार नाही. पट कमी, म्हणून शिक्षक मोजके. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात) क्रीडाशिक्षकाचं स्वतंत्र पद मिळवताना संस्थाचालकांच्या चपला झिजतात.

आता प्रश्न असा. ज्यानं बी. एस्सी., बी. एड. केलं, ज्याच्या हातात कायम खडू राहिला, त्यानं नववीच्या चाळीस मुलांना खेळ आणि आरोग्य शिकवायचं, तर त्याला आधी काय काय शिकावं लागेल? आणि ज्यानं या विषयाची रीतसर पदवी घेतली आहे, त्याला तरी हे सगळं आपोआप जमतं का?

विषय नीट पाहिला तर तो निम्मा मैदानावर आहे आणि निम्मा वर्गात. मैदानावर खेळ, व्यायाम, कवायत, योगासनं. वर्गात आहार, किशोरावस्था, व्यसनं, प्रथमोपचार, मनाचं आरोग्य. दहावीला हा श्रेणी विषय असतो. मूल्यमापन शाळेनंच करायचं, गुणपत्रिकेवर श्रेणी येते, टक्क्यांत ती धरत नाहीत. टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून पालक विचारत नाहीत. पालक विचारत नाहीत, म्हणून पूर्वपरीक्षा जवळ आली की पहिला गळा याच तासाचा कापला जातो. त्या तासात मग भूमितीची राहिलेली प्रमेयं सुटतात. यात एकट्या शिक्षकाला दोष देता येत नाही, पण परिणाम मुलांच्या अंगावर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करायला हवी. २०१६ सालच्या जगभरातल्या आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं यात कमी पडत होती. डोंगरउतारावरच्या वाडीतून चालत शाळेत येणारी मुलं या हिशेबात बरी ठरायची. आता त्यातली बरीच सहा आसनी रिक्षातून येतात.

पदवीत काय मिळतं

माध्यमिक शाळेत हा विषय शिकवण्यासाठीची नेहमीची पदवी म्हणजे बी. पी. एड. पूर्वी हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला. त्यात शरीररचना, व्यायामशास्त्र, खेळांचे नियम, मैदान आखणं, स्पर्धा भरवणं, सराव पाठ आणि प्रत्यक्ष शाळेतली उमेदवारी असं सगळं येतं.

या शिक्षणाला आपल्याकडे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं (खेरांचा जन्म रत्नागिरीचा), आणि त्यानंतर वर्षभरात कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली. एका बाजूनं आखाडा, दुसऱ्या बाजूनं लष्करी कवायत, या दोन्हींचं दूध पिऊन हा विषय वाढला. म्हणून आजही पीटीच्या तासाची सुरुवात ‘सावधान, विश्राम’नं होते आणि शेवट जिल्हास्तरावर किती पोरं गेली या हिशेबानं.

इथंच मूळ अडचण आहे. आपण चांगला क्रीडाशिक्षक कोणाला म्हणतो? ज्याच्या शाळेची कबड्डीची टीम विभागाला जाते त्याला. टीममध्ये मुलं सात, राखीव धरून बारा. शाळेत मुलं अडीचशे. उरलेल्या दोनशे अडतीस मुलांना त्या सरांनी काय शिकवलं, हे विचारायची पद्धत नाही. टीम घडवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे आणि ते मोठंच आहे. वर्गातल्या प्रत्येकाला हलतं करणं हे शिक्षकाचं काम, आणि त्यासाठी लागणारं कसब निराळं.

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९८६ मध्ये हा फरक नेमका मांडला. विषय येणं ही एक गोष्ट; तो विषय नवख्याला कसा समजेल, तो नेमका कुठे अडखळेल आणि तिथे काय करायचं, हे कळणं ही दुसरी. कबड्डी खेळलेल्या माणसाला चढाई येते. पण पकडीची भीती वाटणाऱ्या आठवीतल्या मुलीला चढाई कशी शिकवायची? तिला थेट सात जणांच्या कोंडाळ्यात ढकललं तर ती दुसऱ्या दिवशी डोकेदुखीची चिठ्ठी आणेल. आधी साखळीची शिवाशिवी, मग पकडीशिवाय नुसतं रेषेला पाय लावून परत येणं, मग लहान चौकोनात तिघांविरुद्ध तिघं, आणि मग दम घेऊन चढाई. ही उतरंड लावता येणं म्हणजे शिकवता येणं. ते खेळून येत नाही, ते वेगळं शिकावं लागतं.

यातून गणिताच्या सरांसाठी एक आशेची गोष्ट निघते. पायऱ्या पाडणं, चूक कुठे होते ते हेरणं, मागे पडलेल्याला वेगळं उदाहरण देणं, हे ते रोज करतात. त्यांना खेळ कमी येतो, शिकवणं येतं. क्रीडाशिक्षकाचं बऱ्याचदा उलट असतं. दोघांना एकच प्रशिक्षण देण्यात म्हणूनच अर्थ नाही.

खो-खोचा हिशेब

एक तास जवळून पाहू. नववीचा वर्ग, मुलं-मुली मिळून चाळीस. तासिका पस्तीस मिनिटांची. वर्गातून मैदानात उतरणं, हजेरी, रांगा, यात आठ-दहा मिनिटं गेली. सर म्हणाले, ‘चला, खो-खो.’ खो-खोत पाठलाग करणारे नऊ. त्यातले आठ पाटीत बसलेले, एक पळतोय. बचावाला एका वेळी तिघं. म्हणजे मैदानावर बारा जण, आणि त्या क्षणी धावणारी पोरं किती? चार. बाकीची अठ्ठावीस कडेच्या दगडी गडग्यावर बसून आरडाओरडा करतायत किंवा करवंदीच्या जाळीत हात घालतायत. तास सुरू आहे, लांबून पाहणाऱ्याला मैदान गजबजलेलं दिसतं, सरांच्या टाचणवहीत ‘खो-खो सराव’ लिहिलं जातं. प्रत्यक्षात वर्गातल्या दहातलं एक मूल हलतंय.

आता तेच मैदान चुन्यानं तीन तुकड्यांत वाटा. खांब नकोत, दोन दगड पुरेत. प्रत्येक तुकड्यात तेरा-चौदा मुलं. पाच बसलेली, एक धावणारा, चार पळणारी, उरलेली तिघं-चौघं पुढच्या पाळीची. वेळ मोजणं आणि पंचाचं काम त्यांच्याकडे. दर दोन मिनिटांनी शिट्टी, पाळी बदल. आता एका वेळी पंधरा जण पळतात आणि दहा मिनिटांत प्रत्येकाचा घाम निघतो. खेळ तोच, शिक्षक तोच, मैदान तेच. बदलली ती मांडणी.

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला मात्र सराव लागतो. तीन ठिकाणी एकदम खेळ चालू असताना शिक्षकानं कुठे उभं राहायचं? मधोमध उभं राहिलं की एका तुकडीकडे कायम पाठ होते. म्हणून कडेनं फिरत राहायचं, म्हणजे सगळं नजरेत राहतं. शिट्टी किती वेळा? सूचना किती लांब? माझा ठोकताळा असा की शिट्टीनंतर अर्ध्या मिनिटात पुन्हा खेळ सुरू झाला पाहिजे. त्याहून जास्त बोलायचं असेल तर ते वर्गातच फळ्यावर आकृती काढून बोलून घ्यावं.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या क्रमाची. आधी कौशल्यं घोटून घ्यायची आणि मग खेळ, ही आपली जुनी रीत. व्हॉलीबॉल असेल तर महिनाभर भिंतीवर सर्व्हिस, आणि सामना शेवटच्या आठवड्यात, तोही वेळ उरला तर. लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये याला उलटं केलं. आधी लहानसा, सोपा केलेला खेळ द्या. खेळताना मुलाला अडचण जाणवू द्या. मग विचारा, ‘चेंडू तू नेहमी मधेच का टाकतोस? समोर मोकळी जागा कुठे आहे?’ उत्तर त्यानंच शोधलं की त्याला त्या फटक्याची गरज पटते, आणि मग ते कौशल्य शिकवलेलं टिकतं. या रीतीत शिक्षकाला स्वतः उत्तम खेळता येणं कमी लागतं आणि प्रश्न विचारता येणं जास्त. गणिताच्या सरांना हेही जमण्यासारखं आहे.

पाऊस धरून नियोजन

वार्षिक नियोजनाचा तक्ता सोलापूर आणि सावंतवाडी दोन्हीकडे सारखाच भरला जातो. पण कोकणात जून ते सप्टेंबर मैदान नसतंच. लाल चिखल, जांभ्या दगडावर शेवाळ, आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस. पहिलं सत्र जवळजवळ सगळं यातच जातं. प्रशिक्षणवर्ग मात्र उन्हात, सपाट मैदानावर घेतले जातात आणि पावसाचा विषय निघाला की ‘तेव्हा बैठे खेळ घ्या’ म्हणून आटोपतं. बैठे खेळ म्हणजे व्यवहारात कॅरम, आणि एका बोर्डावर मुलं चार.

पडवीत आणि वर्गात काय करता येतं? बाकं भिंतीला लावून सूर्यनमस्कार होतात, दोरीच्या उड्या होतात, पोटाचे आणि हातांचे व्यायाम जोडीनं होतात. पण माझ्या मते सगळ्यात मोठा ठेवा आपल्या घरातच आहे. गणपतीआधी गावोगाव जाखडी नाचाचे सराव चालतात. मृदंगाच्या ठेक्यावर पायांत चाळ बांधून गोल धरणारी पोरं पंधरा मिनिटांत घामाघूम होतात. मुलींच्या फुगड्यांचं तेच. ताल, तोल, दम, सांघिक हालचाल, सगळं त्यात आहे. अभ्यासक्रमात तालबद्ध हालचालींना जागा असते आणि आपण तिथे रेकॉर्डवरची कवायत बसवतो. वर्गातल्याच एखाद्या जाखडी नाचणाऱ्या मुलाला पुढे उभं करावं आणि सरांनी त्याच्या मागे पाय टाकावेत, याची सवय प्रशिक्षणातच व्हायला हवी.

पावसाळा आरोग्याच्या धड्यांनाही सोयीचा, मात्र धड्यांचा क्रम पुस्तकाचा न ठेवता ऋतूचा ठेवायला हवा. लेप्टोस्पायरोसिसचंच घ्या. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून, चिरेतून शरीरात शिरतात. भातलावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शनिवार-रविवार घरच्या मळ्यात गुडघाभर चिखलात असतो. लेप्टोची माहिती त्याला लावणीआधी मिळायला हवी. जानेवारीत तो धडा वाचून काय उपयोग? सांगायचं इतकंच: जखम असेल तर झाकून किंवा गमबूट घालून उतरा, घरी आल्यावर साबणानं पाय धुवा, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर गोळी घेऊन अंगावर काढू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडांवर जातो. दोडामार्गच्या बाजूला माकडतापाचा धडा असाच हंगामाआधी यायला हवा. तिथे २०१६ पासून तो आढळलाय आणि गोचिडीमुळे पसरतो. काजूच्या बागेत आणि जंगलात जाणाऱ्या घरांतल्या मुलांना तो आधी कळला पाहिजे.

वर्गात बोलायला जड जाणारं

मैदानाची भीती शिक्षकाला नसते. त्याला घाम फुटतो तो किशोरावस्थेच्या धड्याला. ‘हे घरी वाचून या’ असं म्हणून पान उलटलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मुलांनाही. शिक्षकाला माहिती नसते असं नाही. चाळीस जणांसमोर ‘मासिक पाळी’, ‘वीर्य’ हे शब्द त्यानं आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारलेले नसतात, खरी अडचण ही आहे. म्हणून प्रशिक्षणात या धड्यावर व्याख्यान नको. शिक्षकांनी एकमेकांसमोर तो धडा प्रत्यक्ष घ्यायला हवा, हसू येईपर्यंत आणि मग हसू ओसरेपर्यंत. प्रश्नपेटी ठेवली तर मुलं चिठ्ठीत नाव न घालता विचारतात. चिठ्ठी वाचून लगेच उत्तर देता आलं नाही तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणायला हरकत नसते, फक्त उद्या सांगायचं.

आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, यासाठी तयार करायचे ठरले. विषय अकरा: वाढीचं वय, भावनिक आरोग्य, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, पोषण, व्यसनं, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. आठवड्याला एक तास, गोष्टी आणि कृतींतून. कल्पना चांगली आहे. या दोघांपैकी एक पीटी घेणाराच असेल तर मैदान आणि धडा यांची सांगड बसते. बऱ्याच ठिकाणी ही दोन कामं दोन निराळ्या माणसांकडे असतात आणि त्यांचं आपसात बोलणं होत नाही.

सांगड म्हणजे काय, तर रक्तक्षय पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे निघाले. मैदानात दोन फेऱ्यांत धापा टाकणारी मुलगी आळशी असेलच असं नाही. तिच्या रक्तात लोह कमी असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, तिच्यासाठीच आहे. पण ती मुलं खिशातून नेऊन फेकतात, कारण गोळीनं मळमळतं आणि शौचाला काळं होतं असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ते खरंही आहे. शिक्षकानं आधीच सांगून टाकलं की शौचाचा रंग बदलतो, ते अपायाचं नाही, गोळी जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका कारण चहानं लोह नीट शोषलं जात नाही, तर अफवेतली हवा निघून जाते. आणि जिला खरंच जास्त धाप लागते तिला पळवत न ठेवता आरोग्य तपासणीच्या पथकाकडे किंवा केंद्रात पाठवणं, हेही त्याचंच काम. आजाराचं निदान त्यानं करायचं नाही.

पाळीच्या दिवसांत मुलींनी कडेला बसायचं, हा अलिखित नियम जवळपास सगळीकडे पाळला जातो. वैद्यकीयदृष्ट्या व्यायामाला मनाई नाही. पोट दुखत असेल तर बसावं, नसेल तर खेळावं, आणि ते ठरवायचं तिनं. त्यासाठी कारण सगळ्यांसमोर सांगायला लागू नये म्हणून एखादी खूण ठरवता येते. अर्थात स्वच्छतागृहात पाणी नसेल तर या गप्पांना अर्थ नाही.

व्यसनांच्या धड्यात सिगारेटचं चित्र असतं. कोकणातल्या मुलाच्या घरात मात्र आजी सकाळी मिशेरी लावते आणि बोटीवरच्या काकाच्या खिशात तंबाखूची पुडी असते. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे स्पष्ट सांगायला हवं, पण आजीला गुन्हेगार न ठरवता. हे तारतम्य व्याख्यानातून येत नाही.

एक गोष्ट कायद्याची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल म्हणून दाबता येत नाही. चौकशी शिक्षकानं करायची नाही, कळवायचं. जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकवताना आधारासाठी अंगाला हात लावावा लागतो. तो कुठे, कसा, आणि आधी सांगून कसा लावायचा, हेही प्रशिक्षणात दाखवून द्यायचं असतं.

समुद्र, फुरसं आणि विंचू

प्रथमोपचाराचा धडा कोकणात कागदावरचा राहून चालत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. सहलीवर जाणारे शिक्षक हेच असतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेनं जोरात परत आत जातं. त्या ओढीत सापडलेल्यानं किनाऱ्याकडे सरळ झुंजत पोहू नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं, ओढ संपली की मग परत यावं. आणि काठावरच्यानं मागचा-पुढचा विचार न करता उडी टाकू नये. दोर, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. किनाऱ्यावरच्या शाळेत कोळीवाड्यातली पोरं हे सरांपेक्षा चांगलं जाणतात. त्यांना तासाला बोलतं करावं.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीवर दाब द्यायचे: मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. बुडालेल्यात सुरुवात श्वास देऊनच करायची, कारण त्याला हवेचीच कमतरता असते. १०८ ला फोन दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगायचा. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर दोन मिनिटं दाब देऊन दंड भरून आले की मगच कळतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला विनंती केली तर हा सराव करून घेता येतो.

सड्यावर म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जांभ्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो, मैदानाच्या कडेच्या चिऱ्यांच्या ढिगातही. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला अवयव न हलवता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. विंचवाच्या बाबतीत कोकणानं जगाला धडा दिला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर काम केलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू रोखता येतात हे दाखवलं; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षकानं लक्षात ठेवायचं ते असं: दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे वळायचं नाही.

मोजमाप करताना

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया कार्यक्रमातल्या चाचण्यांत मोठ्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि हातांचे व्यायाम असतात. आकडे मोबाइलवर भरले की काम झालं असं वाटतं. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलांत वाढीचा झपाटा कोणाला आधी येतो, कोणाला नंतर. मुलींना साधारण दोन वर्षं आधी. एकाच बाकावरची दोन मुलं शरीरानं तीन वर्षांच्या अंतरावर असू शकतात. त्यांना एकाच तक्त्यावर लावून पहिला-शेवटचा ठरवण्यात शास्त्र नाही. तुलना मुलाच्या स्वतःच्या नोव्हेंबरातल्या आणि मार्चमधल्या आकड्यांची करावी. वजन मोठ्यानं वाचू नये. आणि मोठ्यांसाठीचे बीएमआयचे (उंचीच्या मानानं वजनाचे) आकडे या वयाला लावू नयेत; इथे वय आणि लिंगानुसार वेगळा तक्ता लागतो.

प्रशिक्षण कसं असावं

आपल्याकडची नेहमीची पद्धत वरून खाली झिरपणारी. पुण्यात काही तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला. खाली येईतो पाच दिवसांचं दीड दिवसाचं होतं आणि मैदानावरचं पीपीटीवर येतं. दापोलीच्या एखाद्या मंगल कार्यालयात साठ शिक्षक खुर्च्यांवर बसून शारीरिक शिक्षण ऐकतात. मधे चहा, शेवटी प्रमाणपत्र. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. ते ५० तास खुर्चीवरच गेले तर मुलांच्या पायांपर्यंत काहीच पोचणार नाही.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करून सांगितलं होतं की नुसतं ऐकून किंवा पाहून वर्गात फारसं उतरत नाही. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, चूक दाखवणं, आणि मग शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात जाऊन सोबत करणं, या सगळ्यांची साखळी लागते. शेवटची कडी आपल्याकडे जवळजवळ नसतेच.

कोकणात ती जोडायचा एक मार्ग मला व्यवहार्य वाटतो. एखाद्या खाडीच्या पट्ट्यातल्या पाच-सहा शाळा घ्या. त्यातल्या एकीत तरी बी. पी. एड. शिक्षक असतो. त्यानं महिन्यातून एक दिवस दुसऱ्या शाळेत जावं, तिथल्या गणिताच्या सरांचा तास पाहावा, एक तास स्वतः घ्यावा. बदल्यात त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी येऊन किशोरावस्थेचा धडा कसा घेतात ते त्याला दाखवावं, कारण तिथे बऱ्याचदा त्याचीच गाडी अडते. पाहायला येणाऱ्यानं निरीक्षणाचे चारपानी नमुने भरू नयेत. एका मुलावर नजर ठेवावी, चमकणाऱ्यावर नको, मधल्या कोणावर तरी. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पस्तीस मिनिटांत ते मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हललं ते मोजावं आणि तो एक आकडा तास घेणाऱ्याला सांगावा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. अडचण एकच: दुसऱ्या शाळेत गेलेला दिवस ‘कर्तव्यरजा’ धरायचा की नाही, यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र लागेल. हे पत्र निघालं तर अर्धं काम झालं.

पैशांचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी माध्यमिक शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून सहसा एक चांगला व्हॉलीबॉलचा संच, क्रिकेटचं किट आणि कॅरम येतं, आणि कपाटाला कुलूप लागतं, कारण बॅट मोडली तर जबाबदार कोण. मी असतो तर आधी वीस स्वस्त रबरी चेंडू घेतले असते, चाळीस दोऱ्या, चुन्याच्या दोन गोण्या, चार शिट्ट्या, एक जाड सतरंजी आणि प्रथमोपचाराची पेटी. उरलेल्या पैशांत पडवीच्या बाजूनं पत्र्याची एक शेड जूनआधी वाढवता येते का, हे गावातल्या सुताराला आणि पत्रे बसवणाऱ्याला विचारलं असतं.